खोकला नाही म्हणून थांबू नका: विडी-सिगारेट ओढणाऱ्या आणि सोडलेल्या माणसाला फुप्फुसाच्या तपासणीला कसं न्यायचं

वडील गेले त्यानंतर आईनं त्यांची ट्रंक उघडली तेव्हा तळाशी छातीच्या तीन फोटोंचं, म्हणजे एक्स-रेंचं, पाकीट निघालं. पहिल्या फोटोच्या रिपोर्टवर सगळं ठीक असल्याचं लिहिलं होतं. सात महिन्यांनी काढलेल्या दुसऱ्या फोटोत उजव्या बाजूला डाग होता आणि थुंकी न तपासताच एका खासगी दवाखान्यात त्यांना टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. तिसऱ्या फोटोनंतर सीटी करायला सांगितलं. तोवर फुप्फुसातला कॅन्सर मणक्यात उतरला होता.

आमचं गाव निपाणीजवळ. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखूची भुकटी, पाण्यात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं आणि कात्री. दिवसाला हजार विड्या झाल्या की घरात पैसा यायचा. वडील त्याच विड्या ओढायचे. ज्या गावात तंबाखूनं चूल पेटते, तिथं तंबाखूबद्दल बोलायला जीभ जड होते, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण वडिलांनंतर मी ठरवलं की निदान आपल्या माणसांना वेळेत सीटीच्या टेबलावर नेऊन झोपवायचं. चुलते, एक मामा, शेजारचे दोघे अशांना मी बेळगावला घेऊन गेले. त्यातून जे कळलं, जिथं चुकले आणि डॉक्टरांनी जे समजावलं, ते सगळं इथं लिहिते आहे.

आधी हे पक्कं करा: त्रास आहे की नाही?

तीन आठवडे न थांबणारा खोकला, थुंकीत रक्त, कारण नसताना उतरलेलं वजन, बसलेला आवाज, पूर्वी नव्हती अशी धाप, खांद्यात किंवा बरगडीत सतत दुखणं. यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे जा. त्या माणसाला चाळणी तपासणी, म्हणजे त्रास नसताना रोग शोधायची तपासणी, नको, त्याला निदान हवं. आणि टीबीचा संशय आला तर थुंकीच्या तपासणीचा आग्रह धरा. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. नुसत्या फोटोवरून टीबीच्या गोळ्या सुरू होत असतील तर "थुंकीत जंतू सापडले का?" हे नम्रपणे पण नक्की विचारा. गोळ्या चालू असूनही दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर सीटी मागून घ्या. आमच्या घरी हा प्रश्न विचारायला कुणी नव्हतं.

ज्याला काहीच होत नाही, जो अजून शेतात राबतो, दोन जिने चढतो आणि "मला काय धाड भरलीय?" म्हणतो, अशा माणसासाठीच ही तपासणी आहे. फुप्फुसाला आतून दुखणं कळत नाही. गाठ बोराएवढी झाली तरी माणसाला पत्ता लागत नाही. आपल्याकडे बहुतेक रोगी तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात डॉक्टरांसमोर येतात, ते यामुळेच. पहिल्या टप्प्यात गाठ सापडली तर ऑपरेशन करून ती काढता येते आणि पुष्कळ जण बरे होतात.

या तपासणीचं नाव लो-डोस सीटी, म्हणजे कमी मात्रेच्या किरणांचा सीटी स्कॅन. अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त जुन्या-नव्या धूम्रपान करणाऱ्यांवर मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०११ साली आले. निम्म्या लोकांचा तीन वर्षं दरवर्षी असा सीटी काढला, निम्म्यांचा साधा छातीचा फोटो. सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. पुढं नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या अभ्यासात १० वर्षांनंतर पुरुषांमध्ये ही घट २४ टक्के दिसली. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. साध्या फोटोनं मात्र जीव वाचतात असं कुठल्याच मोठ्या अभ्यासात दिसलेलं नाही. त्यामुळं "गेल्या वर्षी फोटो काढला, साफ आला" या वाक्यावर निर्धास्त राहू नका. माझ्या वडिलांचाही साफच आला होता.

आणखी एक गैरसमज. आशाताई घरी येऊन कॅन्सरची तपासणी करून गेल्या, म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. सरकारी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बघतात. फुप्फुसाचा त्यात नाही. ती तपासणी आपली आपण करून घ्यावी लागते.

पहिली पायरी: ओट्यावर बसून हिशेब

कुणी जावं याचा हिशेब वय आणि ओढलेल्या धुरावर ठरतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाचा २०२१ पासूनचा निकष असा: वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर, आणि माणूस अजून ओढतो किंवा सोडून १५ वर्षं झालेली नाहीत. तिथल्या कॅन्सर सोसायटीनं २०२३ मध्ये ही १५ वर्षांची अट काढून टाकली, म्हणजे फार पूर्वी सोडलेल्यांनीही डॉक्टरांशी बोलावं. आपल्याकडचे छातीचे डॉक्टर साधारण याच्याच आसपास विचार करतात.

पॅक-इयर म्हणजे रोज २० सिगारेट, एक वर्ष. इथं एक फसगत होते. आपल्या पानपट्टीवर १० सिगारेटचं पाकीट सर्रास मिळतं, हिशेबातलं पाकीट मात्र २० चं. "रोज एक पाकीट" असं सांगणाऱ्याला आत किती असतात ते विचाराच.

आपल्याकडचे डॉक्टर याहून सोपा आकडा वापरतात: रोजच्या विड्या किंवा सिगारेटी गुणिले वर्षं. ३०० च्या वर गेलं की भारी धूम्रपान. ४०० म्हणजे २० पॅक-इयर.

माझ्या चुलत्यांचा, आमच्या अण्णांचा हिशेब मी ओट्यावर बसून केला. "रोज किती?" म्हटलं तर म्हणाले, "पाच-सा." माणूस नेहमी कमीच सांगतो, खोटं बोलायचं म्हणून नव्हे, त्यानं कधी मोजलेलंच नसतं. मग मी उलटीकडून गेले. सकाळी चहाच्या आधी? दोन. शेतात न्याहारीनंतर? मोट... म्हणजे आता पंप चालू करून बसल्यावर? दुपारी? पारावर संध्याकाळी? कट्टा किती दिवस पुरायचा? "एक दीस." कट्ट्यात पंचवीस विड्या. अठराव्या वर्षी सुरू, बावन्नाव्या वर्षी सोडली. पंचवीस गुणिले चौतीस, ८५० झाले. वहीवरचा तो आकडा अण्णा बराच वेळ बघत राहिले. मी काही बोलले नाही.

विडी सिगारेटएवढी धरायची का, हा प्रश्न येतोच. विडीत तंबाखू कमी असतो म्हणून काही जण ती कमी मोजतात. पण तेंदूच्या पानातून हवा जात नाही, विडी विझू नये म्हणून जोरजोरात आणि वरचेवर झुरके घ्यावे लागतात, आणि तिच्या धुरात निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साईड सिगारेटपेक्षा जास्त असतं. अण्णांच्या विड्या निम्म्या धरल्या तरी ४२५ होतात. म्हणजे कसंही मोजा, ते तपासणीच्या रेषेपलीकडेच.

मोजून झालं की कागदावर लिहा: वय, सुरुवातीचं वर्ष, सोडल्याचं वर्ष, रोजचा आकडा. हा कागद डॉक्टरांपुढे ठेवला की पाच मिनिटं वाचतात. सोबत हेही लिहा: पूर्वी टीबी झाला होता का, घरात कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर होता का, दगडखाणीत किंवा फाउंड्रीत काम केलंय का.

ज्या बायकांनी कधी विडी ओढली नाही, पण आयुष्य तंबाखूच्या वखारीत किंवा चुलीपुढं काढलं, त्या या हिशेबात बसत नाहीत. त्यांना दम लागत असेल, खोकला असेल तर वेगळं दाखवायचं. तो त्यांचा हक्कच आहे, फक्त वाट वेगळी.

दुसरी पायरी: बोलणं

सगळ्यात अवघड हेच. सीटी काढायला काही सेकंद लागतात, माणसाला तयार करायला मला चार महिने लागले.

सुरुवातीला मी सगळं चुकीचं केलं. पाकिटावरची चित्रं दाखवली. वडिलांचं उदाहरण दिलं. "सोडा म्हटलं होतं की नाही?" असं म्हटलं. अण्णा उठून गोठ्यात गेले आणि नंतर आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते. ओढणाऱ्याला आधीच वाटत असतं की हे आपण ओढवून घेतलं. त्या दोषाला आपण बोट लावलं की तो दार बंद करतो. ज्यांनी विडी सोडली आहे त्यांचं वेगळं. त्यांना वाटतं, सोडली, विषय संपला. त्यांना जाब विचारल्यासारखं वाटता कामा नये. सोडल्यानं धोका खरोखर कमी होतो, १०-१५ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर येतो, हे आधी मोकळेपणानं कबूल करा. मग सांगा की पूर्ण जात नाही, म्हणून एकदा बघून घेऊ.

तंबाखूवर जगलेल्या माणसाशी तंबाखूला शिव्या देत बोलू नका. १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींबरोबर तंबाखूच्या भावासाठी पुणे-बेंगळुरू रस्त्यावर बसलेली माणसं आज सत्तरीत आहेत. त्यांच्यासाठी तंबाखू म्हणजे पोरांचं शिक्षण आणि घरावरची कौलं. त्यांचं आयुष्य चुकलं असं सांगायला आपण गेलेलो नाही.

अण्णांच्या बाबतीत काम झालं ते त्यांच्याच शब्दांनी. तंबाखूच्या तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, मर रोग लागला की काय करता, असं मी सहज विचारलं. म्हणाले, "कोलमडलेली रोपं तेवढी उपटायची. आख्खा तरवा बसायची वाट कोण बघतंय?" मी म्हटलं, मग अण्णा, छातीतही तसंच बघून येऊ. चार रोपं असली तर आत्ताच कळतील.

"मला खोकला न्हाई, ताप न्हाई. सुया कशाला टोचून घ्यायच्या?"

"सुई नाहीच अण्णा. कपडे घालून झोपायचं, श्वास धरायचा, उठायचं."

"आणि काय निघालं तर?"

या प्रश्नाला "काही निघत नाही हो" असं उत्तर देऊ नका. मी म्हटलं, निघालं तर लवकर निघेल, आणि मी बरोबर आहे. ते इतकंच ऐकायला थांबले होते असं मला आजही वाटतं.

कॅन्सर हा शब्द टाळायचा का? पहिल्या बोलण्यात "छातीची तपासणी" म्हटलं तरी चालेल. पण टेबलावर झोपायच्या आधी त्या माणसाला कशासाठी झोपतोय ते स्वच्छ कळलं पाहिजे. फसवून नेलेला माणूस दुसऱ्या वर्षी येत नाही, आणि ही तपासणी दरवर्षीची आहे. विडी सोडायची अटही घालू नका. "आधी सोड, मग नेतो" म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. बाप विडी सोडत नाही आणि तपासणीही राहते.

तिसरी पायरी: डॉक्टर आणि चिठ्ठी

थेट स्कॅन सेंटरवर जाऊ नका. आधी छातीच्या डॉक्टरांना भेटा. बेळगावात सरकारी बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, नेहरूनगरला केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय जवळ पडतं. खानापूरकडचे बहुधा बेळगावलाच येतात.

डॉक्टरांशी तीन गोष्टी बोला. हा माणूस तपासणीच्या निकषात बसतो का. काही सापडलं तर ऑपरेशन झेपेल अशी त्याची तब्येत आहे का. फार थकलेल्या, दुसऱ्या मोठ्या आजारानं खचलेल्या माणसाला ही तपासणी सहसा सुचवत नाहीत, कारण उपचार झेपणार नसतील तर शोधून त्याचे हालच होतात. आणि तिसरं, जुन्या टीबीचं काय.

टीबीचं नीट समजून घ्या, कारण आपल्या भागात हाच घोळ होतो. जुना टीबी फुप्फुसात व्रण आणि गाठी ठेवून जातो. सीटीत त्याही दिसतात आणि त्या कॅन्सरच्या आहेत की जुन्या, हे ठरवायला पुन्हा स्कॅन, कधी सुईनं तुकडा काढणं, अशी पळापळ होऊ शकते. म्हणून आपल्याकडचे काही डॉक्टर सरसकट सगळ्यांना हा सीटी सांगत नाहीत. ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका. धुराचा कागद पुढं करा, जुने फोटो आणि टीबीची कागदं दाखवा आणि त्यांचं मत विचारा.

चिठ्ठीवर "लो-डोस सीटी चेस्ट" असंच लिहिलेलं हवं. कोरोनाच्या काळात सगळ्यांना एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईनं काढलेला सीटी, माहीत झाला, त्यामुळं सेंटरवर कधीकधी सवयीनं तोच काढतात. नेहमीच्या सीटीत किरण सुमारे ७ मिलिसिव्हर्ट (हे किरणांचं माप), लो-डोसमध्ये साधारण दीड. माती, आकाश आणि अन्नातून आपल्याला सहा-सात महिन्यांत मिळतो तेवढाच तो. दरवर्षी काढायचा तर हा फरक मोठा आहे. सेंटरला आधी फोन करून लो-डोस काढता का आणि किती घेता, दोन्ही विचारा. सेंटरा-सेंटराच्या दरात बराच फरक असतो.

पैसे आणि कागद

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएल कार्डावर पॅकेजच्या ३० टक्के. ती दवाखान्यात भरती होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, म्हणून तपासणीचा सीटी खिशातून करावा लागेल असं धरूनच तयारी करा. जिल्हा रुग्णालयात कार्डावर काय सवलत आहे ते नोंदणी खिडकीवर विचारा. रेशनकार्ड आणि आधार घरी राहिलं तर विचारूनही उपयोग नाही. पुढं उपचार लागले तर याच योजनेत खासगी दवाखान्यात जाण्याआधी सरकारी दवाखान्याची शिफारस-चिठ्ठी लागते, ती विसरू नका. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केल्याचं जाहीर केलं होतं. कोल्हापूरकडं उपचार घेणार असाल तर तिथल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आपलं गाव सांगून चौकशी करा.

खिडकीवरचा फॉर्म कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत आणि म्हातारा मराठी बोलणारा. घरात कन्नड शाळेत शिकलेलं एखादं पोर असतंच, त्याला बरोबर घ्या. तिथल्या सिस्टर आणि कर्मचारी बहुतेक दोन्ही भाषा जाणतात. शांतपणे विचारलं की समजावून सांगतात, हा माझा प्रत्येक वेळचा अनुभव आहे.

स्कॅनचा दिवस

उपाशी राहायचं नाही, इंजेक्शन नाही. गळ्यातली माळ, चेन, खिशातली काडेपेटी-मोबाईल काढून ठेवायचं. हात डोक्यावर घेऊन टेबलावर उताणं झोपायचं, सांगतील तेव्हा श्वास भरून धरायचा. घरी दोन-चार वेळा श्वास धरायचा सराव करून घ्या, म्हाताऱ्या माणसाला तिथं घाईत जमत नाही आणि फोटो हलतो. गेल्या काही आठवड्यांत न्यूमोनिया किंवा छातीचं इन्फेक्शन झालं असेल तर तारीख पुढं ढकला, नाहीतर त्याचेच डाग दिसून जिवाला घोर लागतो. येताना रिपोर्टबरोबर सीडीही मागून घ्या.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट गाडीत उघडून वाचू नका. हे मी केलं आणि संकेश्वर येईपर्यंत अण्णा आणि मी दोघंही गप्प होतो. त्यात "नोड्यूल" असा शब्द होता. नोड्यूल म्हणजे छोटी गाठ, आणि बहुतेक नोड्यूल कॅन्सर नसतात. त्या अमेरिकन अभ्यासात सीटीच्या गटात जवळजवळ चौथा हिस्सा स्कॅन संशयास्पद निघाले आणि त्यांतले ९६ टक्क्यांहून जास्त शेवटी कॅन्सर नव्हते. हे जाण्याआधीच घरच्यांना सांगून ठेवा.

डॉक्टर साधारण असं बघतात. पहिल्याच स्कॅनमध्ये घट्ट गाठ ६ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर एक वर्षानं पुन्हा स्कॅन. ६ ते ८ असेल तर सहा महिन्यांनी. ८ ते १५ असेल तर तीन महिन्यांनी, किंवा पेट (PET) स्कॅन, म्हणजे गाठ कॅन्सरची असावी का याचा अंदाज देणारा वेगळा स्कॅन. १५ किंवा त्याहून मोठी असेल तर पुढच्या तपासण्या लगेच, बहुधा तुकडा काढून. गाठीची कड, आत हवा आहे की नाही, जुन्या स्कॅनपेक्षा वाढली का, यावरून हे बदलतं, म्हणून निर्णय डॉक्टरांचाच. पण "सहा महिन्यांनी या" म्हटल्यावर ते टाळतात असं समजून दुसऱ्या शहरात नवा स्कॅन काढायला धावू नका. गाठ वाढते का हे बघायला मधला वेळ लागतोच. कॅन्सर वाढतो, जुना व्रण तसाच राहतो.

अण्णांची गाठ ५ मिलिमीटरची होती. डॉक्टरांनी दोन मिनिटांत समजावलं. त्याच सीटीत फुप्फुसं विडीनं फुगून पोकळ झाल्याचंही दिसलं, त्यासाठी तोंडानं औषध ओढायचा पंप सुरू झाला. गेल्या उन्हाळ्यात शेताच्या बांधावर त्यांना जो दम लागायचा, तो वयाचा नव्हता हे असं कळलं. कधी हृदयाच्या रक्तवाहिनीत साठलेला चुनाही याच सीटीत दिसतो. तेही डॉक्टरांना विचारा.

कॅन्सरच निघाला तर एक आठवडाही झाडपाल्यात घालवू नका. बेळगावात उपचार होतात, हुबळीला आणि बेंगळुरूला किदवाई कॅन्सर हॉस्पिटलात होतात, मुंबईत परळला टाटा हॉस्पिटल आहे. कुठंही जा, पण सीडी, तुकड्याचा रिपोर्ट आणि शक्य असेल तर तुकड्याचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) बरोबर न्या, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

जो अजून ओढतो त्याच्यासाठी

स्कॅन साफ आला म्हणजे परवाना मिळाला असं होत नाही. पण त्या दिवशी माणूस ऐकायच्या मनःस्थितीत असतो, म्हणून तोच दिवस पकडा. डॉक्टरांना तिथंच सोडण्याच्या औषधांबद्दल विचारा. निकोटीनचं च्युइंगम मिळतं, गोळ्या मिळतात. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत सरकारी नंबर आहे, तिथं समुपदेशक हिंदी-इंग्रजीशिवाय प्रादेशिक भाषांतही बोलतात. माझ्या मामांनी दोनदा सोडून पुन्हा धरली, तिसऱ्यांदा सुटली. तलप आली की पाच मिनिटं हात कामात ठेवायचे, एवढंच ते सांगतात. ते भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायचे.

पुढचं वर्ष

एकदाच काढून सोडून दिलेल्या स्कॅनचा फायदा फार थोडा. गाठ दोन स्कॅनच्या मध्ये उगवते. म्हणून रिपोर्ट घरी आला त्या दिवशीच पुढची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय आलं की ती त्यावर उतरवून घ्या. सीडी, रिपोर्ट आणि धुराचा कागद एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवी रेशनकार्डाजवळ ठेवा. दुसऱ्या वर्षी दुसरं सेंटर निवडलं तर जुनी सीडी नक्की द्या, ती नसेल तर तिथला डॉक्टर तुलना कशाशी करणार?

अण्णांची पिशवी देवळीत आहे. यंदा सुगी आटोपली की मार्गशीर्षात जायचं ठरलंय. जाताना त्यांच्याबरोबर शेजारच्या वखारीतले दोघे हमालही यायचे आहेत. त्यांचा हिशेब अण्णांनीच ओट्यावर बसून केला.